शाळा बांधू नका, वर्ग उघडा: अफगाण खेड्यात वस्तीशाळा कशी उभी राहते

"अफगाणिस्तानात एखादी शाळा बांधून द्यायची आहे, किती खर्च येईल?" असा फोन मला वर्षातून दोनतीनदा तरी येतो. विचारणारे भले लोक असतात. कुणाचा मुलगा पुण्यात अफगाण विद्यार्थ्यांबरोबर एका फ्लॅटमध्ये राहिलेला असतो, कुणी निवृत्त मुख्याध्यापक असतात, कुणाला आईच्या नावाने काहीतरी करायचं असतं. माझं उत्तर ठरलेलं आहे. इमारत बांधू नका. त्या पैशात एका गावातला वर्ग काही वर्षं चालेल, तेवढा चालवा.

हे मी हवेत बोलत नाही. नंदुरबारच्या डोंगरात वस्तीशाळांचं काम केलं तेव्हा एक गोष्ट अंगवळणी पडली: पाड्यावरच्या मुलीच्या दृष्टीने दोन किलोमीटरवरची शाळा म्हणजे नसलेली शाळा. पुढे पुण्यात आम्ही पाचसहा जणांनी अफगाणिस्तानातल्या एका स्थानिक संस्थेच्या मदतीने तिथल्या डोंगराळ घोर प्रांतातले दोन वर्ग चालवायला घेतले, तेव्हा तीच गोष्ट बर्फासकट पुन्हा भेटली. घोरमध्ये तर ती मोजूनही झालेली आहे. डेना बर्डे आणि ली लिंडन या अभ्यासकांनी तिथल्या ३१ गावांत प्रयोग केला. चिठ्ठी टाकावी तशी गावं निवडून काहींना आधी वर्ग दिले, काहींना वर्षभर उशिरा. जिथे गावातच वर्ग आला तिथे शाळेत जाणाऱ्या मुलांचं प्रमाण ४२ टक्के-अंकांनी वाढलं, म्हणजे दर शंभरांत आणखी ४२ मुलं शाळेत गेली. मुलींचं ५२ अंकांनी, मुलग्यांचं ३५ अंकांनी. मुलगे-मुलींमधली २१ अंकांची दरी त्या एका वर्षात बुजली. शाळा दर मैलाने लांब गेली की नोंदणी साधारण १६ अंकांनी घसरते, हेही त्याच अभ्यासातून पुढे आलं. हा निष्कर्ष २०१३ साली छापून आला. तेव्हाचं सरकार आता राहिलेलं नाही. डोंगर आणि अंतरं मात्र तीच आहेत.

आता नियम काय आहेत ते आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल. तालिबान ऑगस्ट २०२१ मध्ये परत आले. सप्टेंबरमध्ये माध्यमिक शाळा उघडल्या त्या फक्त मुलांसाठी. २३ मार्च २०२२ ला मुलींसाठीही उघडणार होत्या. मुली दप्तरं घेऊन पोचल्या आणि त्याच दिवशी परत पाठवल्या गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये मुलींना विद्यापीठं बंद झाली, डिसेंबर २०२४ मध्ये नर्स आणि सुईणींचे अभ्यासक्रमही. युनेस्कोच्या हिशोबाने २०२४ च्या ऑगस्टपर्यंत किमान १४ लाख मुली माध्यमिक शिक्षणापासून मुद्दाम दूर ठेवल्या गेल्या होत्या. सहावीपर्यंत मात्र मुलींना शिकता येतं. हा लेख मुख्यतः त्या सहा वर्षांबद्दल आहे. उरलेल्याबद्दल शेवटी थोडंसं.

१. आधी पायांनी मोजा

नकाशावरचं अंतर विसरा. सात वर्षांच्या मुलीला चालत किती मिनिटं लागतात ते विचारा, आणि दोनदा विचारा: एकदा भाद्रपदातलं, एकदा माघातलं. वाटेत ओढा आहे का, आणि वसंतात बर्फ वितळल्यावर त्याला किती पाणी येतं? कुत्री? मेंढपाळांची कुत्री हा घोरमध्ये चेष्टेचा विषय नाही. चौकी लागते का? वाट ज्या कुटुंबाच्या शेतावरून जाते त्याच्याशी कुणाचं वैर आहे का?

एक प्रश्न आपल्याकडे कधीच पडत नाही, तो तिथे पहिला विचारायचा: वाटेवर सुरुंग किंवा न फुटलेले गोळे आहेत का? चाळीसेक वर्षांच्या लढायांचा हा गाळ आहे आणि त्याला बळी पडणाऱ्यांत लहान मुलंच जास्त असतात. सुरुंग काढणाऱ्या पथकांनी रंगवलेले दगड गावकऱ्यांना नीट कळतात. लाल म्हणजे पुढे जाऊ नका, पांढरा म्हणजे साफ झालेली जागा. वर्गाची खोली ठरवण्याआधी हे विचारून घ्या, कारण खोली ठरली की मुलं नव्या वाटा पाडतात.

सरकारी धोरणानुसार गावातला वर्ग साधारणपणे जवळच्या शाळेपासून तीन किलोमीटरपेक्षा लांब असलेल्या वस्तीत उघडतात. कागदासाठी हा आकडा लागतो. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर धरलं आहे, आणि घोरच्या त्या अभ्यासानंतर मला आपलाच आकडा जास्त शहाणा वाटतो. दोन किलोमीटरवर शाळा असेल तर कागद म्हणेल इथे गरज नाही. अशा गावात किमान मुली आणि लहानग्यांसाठी वेगळा वर्ग मागून पाहा. कधीकधी मिळतो.

२. मुली मोजायला बाई पाठवा

शूरेच्या, म्हणजे गावातल्या वडीलधाऱ्यांच्या बैठकीत "तुमच्या घरात शाळेच्या वयाची मुलं किती?" असं विचारलंत तर मुलगे मोजले जातील. लपवाछपवी नसते त्यात. परक्या पुरुषासमोर बायकोमुलींची नावं घ्यायची नाहीत, अशी तिथली रीत आहे. आईचं नाव ओळखपत्रावर यावं यासाठी अफगाण बायकांना 'माझं नाव कुठे आहे' अशी मोहीम चालवावी लागली आणि २०२० साली कायदा बदलला, यावरून अंदाज करा. आमच्या पहिल्या यादीत एका गावात १९ मुलगे आणि ७ मुली निघाल्या. मग गावातल्याच सुईणीला विचारलं. तिने चुलीपाशी बसून, एकेका घराचं बाळंतपण आठवत, २४ मुली सांगितल्या. यादी तीच खरी ठरली.

बाहेरून बाई पाठवायची असेल तर तिच्याबरोबर महरम, म्हणजे नवरा, भाऊ, बाप किंवा मुलगा असा जवळचा पुरुष लागतो. २०२१ च्या शेवटी आलेल्या आदेशात ७२ किलोमीटरपलीकडच्या प्रवासासाठी हे सक्तीचं केलं होतं, आणि प्रत्यक्षात त्याहून कमी अंतरावरही अडवतात. म्हणून अंदाजपत्रकात महरमचं भाडं आणि जेवण ही ओळ पहिल्या दिवसापासून धरा. नाही धरली तर ती बाई तुमच्या कामासाठी आपल्या पगारातून खर्च करते, आणि सांगतही नाही.

यादीत काय लिहायचं? वय, आधी कुठे शिकली का, घरची भाषा, ओळखपत्र आहे की नाही. तिकडे त्याला तझकिरा म्हणतात आणि खेड्यात बऱ्याच मुलींकडे तो नसतो. नसला तरी नाव लिहा. तझकिरा नाही म्हणून एकही मूल पहिल्या दिवशी परत जाता कामा नये. पाकिस्तान आणि इराणमधून परत पाठवलेली कुटुंबं गावोगाव उतरली आहेत. त्यांची मुलं वेगळी मोजा. त्यांतली काही उर्दू वाचतात, काहींना काहीच येत नाही, आणि बरीचशी वर्गाच्या मानाने वयाने मोठी असतात.

३. गावाने काय द्यायचं, तुम्ही काय द्यायचं

बोलणी तीन ठिकाणी होतात. गावात अरबाब किंवा मलिक (म्हणजे गावचा प्रमुख) आणि शूरा, मशिदीत मुल्ला, आणि जिल्ह्याच्या व प्रांताच्या शिक्षण कार्यालयात. हा क्रम पाळा. आधी कार्यालयातून कागद आणून गावाला दाखवलात तर गाव तुम्हाला सरकारी माणूस समजतं. कागद मात्र हवाच. तोंडी परवानगी देणारा अधिकारी बदलला की परवानगी त्याच्याबरोबर जाते. २०२३ मध्ये परदेशी संस्थांना असे वर्ग स्थानिक संस्थांकडे सोपवायला सांगितलं गेलं. तेव्हा तिथे नोंदणी असलेली अफगाण संस्था बरोबर नसेल तर पुढच्या पायऱ्या वाचायचं कारण नाही.

मुल्लाला टाळू नका. बाहेरचे लोक मुल्लाला अडथळा समजून वळसा घालतात. आमच्या एका गावात वर्गाची घोषणा मशिदीतून त्यानेच केली. स्वतःच्या नातीला पहिल्या रांगेत बसवलं आणि विषय मिटला. कुठले मुद्दे चालतात? हक्क, सक्षमीकरण हे शब्द घोरमध्ये कुणी वापरत नाही. परदेशात मजुरीला गेलेल्या मुलाचा मेसेज वाचता आला पाहिजे, औषधाच्या बाटलीवरचं कळलं पाहिजे, कुराण नुसतं पाठ न करता वाचता आलं पाहिजे. हे मुद्दे बापाला पटतात, आणि आजीला त्याहून आधी.

व्यवहार साधा ठेवा. गाव खोली देईल, पाणी देईल, हिवाळ्यात बुखारीसाठी सरपण देईल. बुखारी म्हणजे खोलीच्या मधोमध ठेवायची पत्र्याची शेगडी. तुम्ही शिक्षकाचा पगार, पुस्तकं, फळा आणि जमिनीवर अंथरायचं साहित्य द्याल. हे कागदावर लिहा, अंगठे घ्या, एक प्रत मशिदीत ठेवा. सरपणही आपणच देऊ, असं औदार्य दाखवू नका. ज्या गावाने सरपण दिलं त्या गावाने आपल्या बाजूने वर्ग बंद पडू दिला नाही, असा आमचा दोन गावांचा का होईना, पण अनुभव आहे.

४. खोली

फार लिहिण्यासारखं नाही. कुणाच्या घरातली किंवा मशिदीची खोली चालते. तंबू नको, घोरच्या थंडीत तो तीन महिने निरुपयोगी असतो. घर कुणाचं हे पाहा. ज्याचं अर्ध्या गावाशी पटत नाही त्याच्या अंगणात अर्धं गाव मुली पाठवणार नाही. संडास जवळ आणि आडोशाला हवा. एवढ्या एका गोष्टीने चौथीपाचवीच्या मुली टिकतात किंवा गळतात.

आणि पाटी लावू नका. देणगीदाराचं नाव, झेंडा, बोधचिन्ह, काही नको. लढाईच्या काळात शाळा जाळल्या गेल्या, सैन्याने शाळांत तळ ठोकले. शाळांचा लष्करी वापर थांबवा म्हणणारा जाहीरनामा २०१५ मध्ये ओस्लोत झाला आणि अफगाणिस्तानने त्याला मान्यताही दिली होती, पण गोळीला जाहीरनामा वाचता येत नाही. घरातली खोली कुणाच्या डोळ्यावर येत नाही, हा तिचा मोठा गुण. आईच्या नावाची संगमरवरी पाटी लावायची असेल तर ती आपल्या गावच्या शाळेला लावा.

५. शिक्षक, आणि महिन्याच्या महिन्याला पगार

इथे थोडं थांबते, कारण सगळं इथेच ठरतं.

शिक्षक गावातलाच हवा. बाई मिळाली तर उत्तम. बारावी झालेली नसेल तर दहावी चालेल. तीही नसेल तर नीट वाचता-लिहिता आणि हिशोब करता येणारी व्यक्ती घ्या आणि प्रशिक्षणावर जास्त दिवस घाला. शहरातून पदवीधर आणण्याचा मोह होतो. असा पदवीधर बर्फ पडेपर्यंत टिकतो. गावातली मालिम (शिक्षक-शिक्षिकेला तिकडे मालिम म्हणतात) बर्फातही असते, कारण तिला जायला दुसरं ठिकाण नसतं, आणि मुलगी दोन दिवस दिसली नाही तर ती भिंतीवरून हाक मारून विचारू शकते.

पगार किती? जवळच्या सरकारी शाळेतल्या शिक्षकाला मिळतो तेवढाच, फार तर थोडा कमीजास्त. आपल्याला वाटतं, बिचारे, दुप्पट देऊ. दुप्पट दिलात तर सरकारी शाळेतला शिक्षक तुमच्याकडे येईल आणि तिथली चाळीस मुलं वाऱ्यावर. रकमेपेक्षा तारीख महत्त्वाची. आमची सगळ्यात मोठी चूक हीच होती. एका हिवाळ्यात आमच्या हिशोबाच्या घोळात तीन महिन्यांचा पगार अडकला. गावाने सरपण दिलं, मुलं येत राहिली, मालिम दुकानातून उधारीवर पीठ नेत राहिला. चौथ्या महिन्यात तो इराणला बांधकामावर निघून गेला. त्याला दोष देऊ शकत नाही. तो वर्ग पुन्हा सुरू व्हायला वर्ष गेलं आणि परत आलेल्या मुलींत सर्वांत मोठ्या तिघी नव्हत्या. तेव्हापासून आम्ही बर्फ पडायच्या आत संपूर्ण हिवाळ्याचा पगार तिथे पोचवतो. खिंडी बंद झाल्यावर पैसाही बंद होतो.

प्रशिक्षण एकदम पंधरा दिवसांचं देऊन मोकळं होऊ नका. सुरुवातीला आठवडाभर, मग दर दोन महिन्यांनी दोन-तीन दिवस. मालिमला सगळ्यात जास्त अडतं ते एका खोलीत तीन इयत्ता सांभाळताना. आपल्या एकशिक्षकी शाळेत काम केलेला कुठलाही जिल्हा परिषदेचा गुरुजी यात जागतिक तज्ज्ञ आहे. एका गटाला फळ्यावर, एकाला पाटीवर, मोठ्यांना लहानांची उजळणी घ्यायला लावणं, ही कसरत व्हिडिओ करून पाठवता येते. आम्ही धुळ्याच्या एका निवृत्त गुरुजींचे धडे पुण्यातल्या अफगाण विद्यार्थ्याकडून दरी या तिकडच्या भाषेत बोलून घेतले. भाषा बदलली, खडूची पद्धत तीच.

एक हिशोब आताच मांडायला हवा. २०२१ पासून मुलींची बारावीपर्यंतची वाट जवळपास बंद आहे. आज ज्या बाई शिकवताहेत त्यांच्यामागे पुढची फळी नाही. म्हणून सहावी झालेल्या हुशार मुलींना, घर आणि गाव तयार असेल तिथे, लहान वर्गाची मदतनीस म्हणून थोड्या मानधनावर घ्या. त्यांचं वाचन सुटत नाही आणि घरात चार पैसे जातात.

६. वेळ, भाषा, पुस्तकं

थंड प्रदेशात शाळेचं वर्ष मार्चमध्ये, नवरोजनंतर सुरू होतं आणि हिवाळ्यात सुट्टी असते. कंदाहार, नांगरहारसारख्या उष्ण भागात ते सप्टेंबरात सुरू होतं. हे माहीत नसलं की पुस्तकं नेमकी सुट्टीत पोचतात. रोजचे तीन तास पुरतात, पण कुठले तीन हे गावाने ठरवू द्या. पाणी आणणं, गुरं सोडणं, उत्तरेकडे गालिचे विणणं, हेरातकडे शरदात केशर वेचणं, ही मुलींची कामं आहेत. केशराच्या त्या दोनतीन आठवड्यांत वर्ग भरवायचा हट्ट धरला तर मुलगी केशरातच जाईल, फक्त तुमच्या वहीत गैरहजर लागेल.

पुस्तकं सरकारचीच वापरा. नाही आवडली तरी. पुढे सरकारी शाळेत जायचं तर तीच लागतात. घरात उझबेकी किंवा तुर्कमेनी बोलणाऱ्या मुलाला पहिले काही महिने त्याच भाषेत बोलू द्या आणि मग दरी किंवा पश्तोकडे न्या. भिलोरी बोलणाऱ्या पोराला पहिल्याच दिवशी 'बालभारती' हातात दिल्यावर काय होतं ते पाहिलेल्यांना जास्त सांगायला नको. वाचायला पुस्तकाबाहेरचं काही हवं असेल तर 'दरख्त-ए-दानेश' या ऑनलाइन ग्रंथालयात दरी आणि पश्तोमधलं साहित्य फुकट मिळतं. तिथून छापून पाठवा.

आणखी एक गोष्ट ठरवून टाका. बहुतेक ठिकाणी असा वर्ग पहिलीने सुरू होतो आणि तीच मुलं वर चढत जातात. मग पुढच्या वर्षी सहा वर्षांची झालेली मुलं जातात कुठे? कुठेच नाही. एक तर दर दोन वर्षांनी नवी पहिली उघडा, नाहीतर पहिल्यापासून बहुवर्ग खोली चालवा. याचे पैसे पहिल्याच अंदाजपत्रकात हवेत.

७. कागद: असास आणि से-पारचा

देणगीदारांना हा भाग कंटाळवाणा वाटतो. मुलीचं पुढचं सगळं यावर अवलंबून असतं.

तुमचा वर्ग जवळच्या सरकारी शाळेला जोडलेला असायला हवा. त्या शाळेच्या मुख्य नोंदवहीत मूल चढलं की त्याला असास क्रमांक मिळतो. तो क्रमांक नसेल तर तुमच्या खोलीत ती सहा वर्षं शिकली काय आणि नाही काय, सरकारच्या लेखी सारखंच. गाव सोडताना से-पारचा लागतो, म्हणजे आपला शाळा सोडल्याचा दाखला. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांचं दाखल्यावाचून काय होतं हे बीड, नगरकडच्यांना ठाऊक आहे. तिकडे तर कुटुंबं दुष्काळाने, भूकंपाने, हद्दपारीने हलत असतात.

तेव्हा पहिल्या महिन्यातच मुख्याध्यापकाकडून क्रमांक मिळवा. त्यासाठी लागणाऱ्या चकरांचं भाडं धरा. दर वर्षाच्या शेवटी निकालाची सहीशिक्क्याची प्रत घ्या. एक घरी, एक संस्थेकडे.

८. हजेरी

हजेरी, कागद, कलम, तारीख, दप्तर. दरीतले हे शब्द ऐकताना मराठी माणसाला परकं वाटतच नाही. अर्थ मात्र सरकतात: त्यांचं दफ्तर म्हणजे कचेरी किंवा वही, आपलं पाठीवर. हजेरी तीच, आणि हजेरीतली लबाडीही तीच.

अफगाणिस्तानात कागदावरच्या शाळांचा इतिहास मोठा आहे. परदेशी पैसा वाहत होता त्या काळात नसलेल्या शाळांचे आणि नसलेल्या शिक्षकांचे पगार निघत. आम्हालाही एकदा फार सुरेख हजेरीपत्रक आलं. महिनाभर एकही मूल गैरहजर नाही. पुण्यातल्या आमच्या अफगाण मित्राने एक नजर टाकली आणि हसायला लागला. शुक्रवारीही सगळे हजर होते. तिकडे सुट्टी शुक्रवारी असते.

त्यावर उपाय सोपे आहेत. दिवस आगाऊ न ठरवता महिन्यातून एकदा कुणीतरी जाऊन डोकी मोजावीत. तो माणूस पगार वाटणारा नसावा. मालिमने रोजचा आकडा, नावं नाही, नुसता मुलगे किती मुली किती हा आकडा, फोनवरून कळवावा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गैरहजेरीला शिक्षा नको. आकडा खाली आला की पगार कापतात, अशी भीती असली की आकडा कधीच खाली येत नाही.

शिकतात का हे पाहायला आपल्याकडच्या 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' पाहणीची रीत वापरा: अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद, गोष्ट. मूल कुठवर वाचतं ते एका पानावर पाच मिनिटांत कळतं. पाकिस्तानात ही पाहणी होते आणि तिथे पश्तोतही साहित्य आहे, पण पेशावरकडची पश्तो कंदाहारला जशीच्या तशी चालत नाही. स्थानिक मालिमकडून शब्द बदलून घ्या.

९. पैसे इथून तिथे

तिथे बँका लंगडतात आणि पैसा सराफामार्फत, म्हणजे पैसे बदलून देणाऱ्यामार्फत, हवालाने फिरतो. तिथे ते रोजचं आहे. भारतातून तसं पाठवणं बेकायदा आहे. ओळखीचा सराफ कितीही भला असला तरी त्या वाटेला जाऊ नका. नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात बँकेमार्फतच पाठवा, आणि बँक प्रश्न विचारेल तेव्हा दाखवायला कराराची प्रत जवळ ठेवा. अफगाणिस्तानातल्या मानवतावादी मदतीला तालिबानवरच्या निर्बंधांमधून वाट देणारा ठराव, क्रमांक २६१५, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने डिसेंबर २०२१ मध्ये केला. तोही छापून ठेवा. तुमचा सार्वजनिक न्यास असेल तर देशाबाहेरच्या खर्चाला आयकराची सवलत आपोआप मिळत नाही, त्याला केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते. सीएला आधी विचारा, मार्चअखेर नको.

किमान तीन वर्षांचे पैसे हाती किंवा शब्दात असल्याशिवाय वर्ग उघडू नका. वर्षभर शिकवून दार लावून घेणं हे न उघडण्यापेक्षा वाईट. पुढच्या वेळी येणाऱ्या संस्थेला ते गाव दारात उभं करत नाही.

१०. सहावीनंतर

इथे मी तपशील कमी लिहिणार आहे आणि ते मुद्दाम. घराघरांतलं शिक्षण तिथल्या बायकांनी पहिल्या तालिबान काळातही, १९९६ ते २००१, कुणाला न सांगता चालवलं होतं. आपलं काम त्यांचा फोटो न काढण्याचं. नाव, गाव, चेहरा, खोलीची खिडकी, काहीही फेसबुकवर जाता कामा नये. देणगीदाराने फोटो मागितला तर वहीच्या पानाचा पाठवा.

उघडपणे करता येतं ते रेडिओ आणि पडद्यावरून. 'रेडिओ बेगम' ८ मार्च २०२१ ला काबूलमध्ये सुरू झाला. बायकांनी चालवलेल्या या केंद्राने शाळा बंद झाल्यावर धडे प्रसारित केले. २०२५ च्या सुरुवातीला ते बंद पाडलं गेलं आणि नंतर पुन्हा चालू झालं. पॅरिसहून 'बेगम टीव्ही' उपग्रहावरून शालेय विषय शिकवतो. मुलीला टॅबलेट पाठवण्यापेक्षा चांगला रेडिओ, सौर दिवा आणि वह्यांचा गठ्ठा पाठवलेला जास्त उपयोगी पडतो. इंटरनेट कधी बंद होईल सांगता येत नाही. २०२५ च्या सप्टेंबरअखेर दोन दिवस सगळा देशच बंद होता.

पुण्यात बसून करण्यासारखंही आहे. इथे शिकायला आलेले अफगाण विद्यार्थी दरी-पश्तोत गणिताचे, विज्ञानाचे छोटे आवाजी धडे करून देतात. त्यांना त्याचे रीतसर पैसे द्या. ते स्वतः व्हिसा आणि फीच्या काळजीत असतात, त्यांच्याकडून सेवाभावाची अपेक्षा धरू नका.

आणि सहावीच्या शेवटच्या दिवशी मुलीच्या हातात निकालपत्र पडलं पाहिजे, असास क्रमांक, सही, शिक्का, सगळं बिनचूक. एक प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरच्या पेटीत, एक सरकारी शाळेत, एक देशाबाहेर कुणाकडे तरी. पुण्यात माझ्या कपाटात अशा अकरा प्रती आहेत. सातवीत नाव घालायला पहिला कागद तोच मागतात.